चार्जिंग मध्येच मंदावतंय किंवा थांबतंय? उष्णता नेमकी कुठे तयार होतेय ते असं शोधा

इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावली तेव्हा स्क्रीनवर ७.४ किलोवॅट दिसत होते, तासाभराने पाहावं तर आकडा ३.६ वर आलेला. किंवा चार्जिंग बंदच पडलेलं. प्लग काढून परत लावला की सुरू, आणि अर्ध्या तासाने पुन्हा तेच. रात्रीच्या गारव्यात मात्र काही कुरकुर नाही. अशा वेळी बहुतेक जण ॲप काढून पुन्हा टाकतात, नाहीतर सॉफ्टवेअर अपडेटची वाट पाहतात. त्याने फरक पडत नाही, कारण दोष बहुधा एखाद्या सांध्यात, पंख्यात किंवा पंपात असतो.

डीबीपासून (घरातला खटक्यांचा मुख्य डबा) बॅटरीच्या सेलपर्यंत पोहोचताना वीज डझनभर सांध्यांतून जाते: एमसीबीचे (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका) स्क्रू, सॉकेटच्या पत्त्या, प्लगच्या पिना, गनचे (गाडीत खोचायचं चार्जिंग केबलचं टोक) कॉन्टॅक्ट, गाडीतला पोर्ट, ऑनबोर्ड चार्जर (गाडीतच बसवलेला, घरच्या एसी विजेची डीसी करणारा डबा). यातलं काही तापलं आणि जवळ सेन्सर असला, तर करंट कमी केला जातो. म्हणजे चार्जिंग मंदावणं हा बिघाड नसून बचाव असतो. खरी काळजी करायची ती सेन्सर नसलेल्या सांध्यांची. घरच्या सॉकेटमागच्या स्क्रूला सेन्सर नसतो. तो निमूटपणे करपत राहतो.

आधी हे वाचा

खालीलपैकी काहीही दिसलं तर तपासणी वगैरे बाजूला ठेवून चार्जिंग लगेच थांबवा:

- प्लास्टिक करपल्याचा वास, किंवा सॉकेटजवळ मासळीसारखा वास. स्विच-सॉकेटचं काही प्रकारचं प्लास्टिक तापलं की असाच वास येतो, आणि लोक तो स्वयंपाकघरात शोधत बसतात.
- प्लगच्या पिनेभोवती तपकिरी वर्तुळ, फुगलेलं किंवा वितळलेलं प्लास्टिक.
- सॉकेट किंवा डीबीतून तडतड, चरचर असा आवाज.
- प्लगवर पाच सेकंद हात ठेवणं अशक्य होणं. इतकं तापलेलं प्लास्टिक साधारण ६० अंशांच्या आसपास असतं, आणि आतली धातूची पिन त्याहून बरीच गरम.

थांबवण्याचाही क्रम आहे. आधी गाडीतून किंवा ॲपमधून चार्जिंग बंद करा, मग एमसीबी खाली करा, मग प्लग काढा. भर लोडवर प्लग ओढला तर पिनांवर ठिणगी पडते आणि आधीच खराब झालेला कॉन्टॅक्ट आणखी खराब होतो. प्लगमधूनच धूर येत असेल, तर त्याला हात न लावता थेट एमसीबी पाडा.

१. हे उष्णतेचंच दुखणं आहे का, ते ठरवा

सर्वांत स्वस्त निदान घड्याळ करतं. चार्जिंग सुरू झाल्यापासून किती वेळाने गडबड होते, ते तीन-चार वेळा लिहून ठेवा.

पहिल्या काही सेकंदांत बंद पडलं तर उष्णता विसरा. इतक्यात काही तापत नाही. तिथे अर्थिंग, गळती किंवा गन नीट न बसणं पाहावं लागतं. दहा ते चाळीस मिनिटांत बंद पडलं तर संशय प्लग, सॉकेट आणि गनवर. लहान वस्तू लवकर तापतात. एक ते तीन तासांनी बंद पडलं तर एमसीबी, बंद डब्यातली हवा, वॉल बॉक्स (भिंतीवर बसवलेला चार्जर). डीसी फास्ट चार्जिंगला (स्टेशनवरचं जलद चार्जिंग) पाच-पंधरा मिनिटांत वेग पडला तर गन, केबल किंवा बॅटरी. आणि फक्त दुपारीच होत असेल तर ऊन थेट कशावर पडतं ते पाहा.

उष्णतेचा संशय येतो, पण तिचा संबंध नसतो, अशा गोष्टीही माहीत हव्यात:

- डीसी चार्जिंगमध्ये ८० टक्क्यांनंतर वेग उतरतो. बॅटरीच्या रसायनाचा तो नेहमीचा स्वभाव आहे.
- बॅटरी गार असली तरी गाडी वेग कमी ठेवते. शून्याखालच्या तापमानाला जोरात चार्ज केलं तर सेलमध्ये लिथियमचा धातूरूप थर बसू लागतो, म्हणून ही मर्यादा असते.
- गाडीत किंवा ॲपमध्ये कुणीतरी करंटची मर्यादा घातलेली असते आणि नंतर ती विसरली जाते. हे इतकं नेहमीचं आहे की सर्वांत आधी हेच पाहावं.
- वॉल बॉक्सला घराच्या एकूण लोडवर लक्ष ठेवणारी सोय असेल, तर एअर कंडिशनर किंवा गीझर लागला की तो गाडीचा करंट आपणहून घटवतो.
- आरसीसीबी (गळती झाली की पडणारा खटका) पडला आणि एमसीबी तसाच राहिला, तर ती करंटची गळती आहे. एमसीबी पडणं आणि आरसीसीबी पडणं यांचे अर्थ पूर्ण वेगळे. दोन्ही एकाच खटक्यात असतील, तर नेमकं काय झालं ते वायरमनकडून मोजून घ्यावं लागतं.

२. साधनं आणि कागद जमवा

- इन्फ्रारेड थर्मामीटर. मोबाइलला जोडायचा थर्मल कॅमेरा मिळाला तर उत्तम.
- काळी, चकाकी नसलेली चिकटपट्टी. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर धरला तर तो खोटं, बहुधा फारच कमी तापमान दाखवतो. पट्टी चिकटवून तिच्यावर मोजा.
- गाडीच्या ओबीडी पोर्टमध्ये (गाडीची आतली माहिती वाचण्याचं सॉकेट) लावायचं ब्लूटूथ डोंगल आणि तुमच्या मॉडेलला चालणारं ॲप. बॅटरी, ऑनबोर्ड चार्जर आणि बऱ्याच गाड्यांत चार्जिंग पोर्टचंही तापमान यावर दिसतं.
- मल्टिमीटर. चालू डीबीतलं मोजमाप मात्र वायरमननेच करायचं.
- टॉर्क स्क्रूड्रायव्हर, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच स्क्रू आवळणारा. हाही वायरमनकडे हवा. नसेल तर तो स्क्रू ‘अंदाजाने’ आवळणार, आणि निम्मी भानगड तिथूनच सुरू होते.
- गाडीचं मॅन्युअल, वॉल बॉक्सचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल, वायरिंग केलेल्याचं बिल किंवा वायरची जाडी आणि एमसीबीचं रेटिंग लिहिलेला कागद, वॉरंटीचे कागद.

आणि एक वही. तारीख, वेळ, हवेचं तापमान, सेट केलेले अँपिअर, स्क्रीनवरचा व्होल्टेज, किती मिनिटांनी काय झालं. पाच-सहा नोंदी झाल्या की अर्धं निदान आपोआप होतं.

३. अँपिअर कमी करून पाहा

हीच मुख्य चाचणी, आणि हिला एक पैसाही लागत नाही.

सांध्यात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एखाद्या सैल सांध्याचा रोध ०.०५ ओहम धरा. १६ अँपिअरला तिथे १२.८ वॅट उष्णता होते, ३२ अँपिअरला ५१.२ वॅट. करंट दुप्पट, उष्णता चौपट. नखाएवढ्या धातूच्या पत्तीत ५० वॅट म्हणजे सोल्डरिंगची इस्त्री सॉकेटमध्ये खोचून ठेवल्यासारखं आहे.

म्हणून १६ वर चालत असाल तर १२ वर आणा, ३२ वर असाल तर २४ वर. चार्जिंग फक्त पाव हिश्शाने मंदावेल, पण सांध्यातली उष्णता जवळजवळ ४४ टक्क्यांनी उतरेल. मग निकाल असा वाचा:

करंट कमी केल्यावर रात्रभर विनातक्रार चालत असेल, तर दोष एखाद्या सांध्यात, वायरीत किंवा कोंदट डब्यात आहे. पायरी ४ ते ७ तुमच्यासाठी. करंट निम्मा केला तरी तितक्याच मिनिटांनी तसंच बंद पडत असेल, तर सांध्यांचा नाद सोडा. कूलिंग पंप, पंखा किंवा सेन्सर पाहा, म्हणजे पायरी ८ आणि १०.

इथे एक सापळा आहे. कमी अँपिअरवर चालतंय म्हणून लोक तसंच चालू ठेवतात. तात्पुरतं ठीक आहे, पण सैल सांधा सैल राहत नाही, आणखी सैल होत जातो. तापल्यावर धातू पसरतो, गार झाल्यावर आकसतो, पृष्ठभागावर ऑक्साइड बसतो, रोध वाढतो, आणि आज १२ वर निभावणारा सांधा काही महिन्यांनी १० वरही तापतो.

चार्जिंग आधी मंदावून मग पूर्ण का थांबतं, हेही इथेच समजून घ्या. एसी चार्जर गाडीला किती करंट घे हे एका हजार हर्ट्झच्या सिग्नलने सांगतो, आणि त्या भाषेत ६ अँपिअरपेक्षा लहान आकडाच नाही. ६ वर उतरूनही तापमान खाली येत नसेल, तर चार्जरला थांबण्याशिवाय पर्याय उरत नाही.

४. प्लग आणि सॉकेट

गाडीसोबत येणारा पोर्टेबल चार्जर वापरत असाल तर पहिला संशयित हाच. घरगुती सॉकेट इस्त्री, मिक्सर, गीझर अशा थोडा वेळ चालणाऱ्या लोडसाठी वापरलं जातं. गाडी मात्र आठ-दहा तास सलग १० ते १६ अँपिअर ओढते. अशा लोडचा सराव त्या पत्त्यांना नसतो.

तपासायचं असं. चार्जिंग पूर्ण करंटवर ३० मिनिटं चालू द्या. मग प्लगची पाठ, सॉकेटची चौकट आणि शेजारची भिंत यांचं तापमान मोजा. हवेपेक्षा १५-२० अंश जास्त असेल तर चालेल. ३० अंशांच्या वर गेलं तर सॉकेट बदलायची तयारी ठेवा. नंतर वर सांगितलेल्या क्रमाने बंद करून प्लग काढा आणि तिन्ही पिना निरखा. एकच पिन काळवंडली असेल तर त्याच बाजूची पत्ती सैल आहे किंवा त्या पिनेमागचा स्क्रू. बहुतेकांचं लक्ष फेजकडे असतं, पण न्यूट्रलमधूनही तेवढाच करंट जातो आणि तीही तितकीच करपते.

सॉकेट बदलताना:

- नवं सॉकेट किमान १६ अँपिअरचं, चांगल्या पकडीचं, आणि शक्य असेल तर औद्योगिक प्रकारचं गोल पिनांचं घ्या. त्याच्या पत्त्या जाड असतात आणि पकड घट्ट. मात्र पोर्टेबल चार्जरला तो प्लग कंपनीकडूनच यायला हवा. स्वतः वायर कापून प्लग बदलू नका. पोर्टेबल चार्जरच्या प्लगमध्ये बऱ्याचदा तापमानाचा सेन्सर असतो. प्लग कापला की तो जातो, आणि वॉरंटीही.
- मागची वायर करपली असेल तर करपलेला तुकडा कापून चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे जा. काळ्या पडलेल्या तांब्यावर नवं सॉकेट बसवलं तर महिन्याभरात तेच दुखणं परत येतं.
- बारीक तारांची लवचिक वायर असेल तर टोकाला फेरूल (धातूची बारीक नळी) दाबून मगच स्क्रूखाली घाला. उघड्या तारा स्क्रूखाली हळूहळू चेपत जातात आणि पकड सुटते.
- त्याच वायरवरून पुढे दुसरं सॉकेट काढू नका. गाडीच्या सॉकेटला डीबीपासून स्वतंत्र वायर हवी.

चार्जरचा मधला डबा लोंबकळत ठेवणं ही आणखी एक नेहमीची चूक. त्याच्या वजनाने प्लग खाली ओढला जातो, पिना अर्धवट सुटतात आणि तिथेच तापतात. डबा हुकावर टांगा किंवा फळीवर ठेवा.

एक्स्टेंशन बोर्ड, स्पाइक बस्टर, एका पिनेचं दुसऱ्या पिनेत रूपांतर करणारे अडॅप्टर यांच्याबद्दल फार लिहीत नाही. वापरू नका. गुंडाळलेल्या केबलचं रीळ तर अजिबात नाही. गुंडाळीतल्या आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडायला वाटच नसते, आणि इन्सुलेशन वितळून एकमेकांना चिकटतं.

५. डीबी, एमसीबी आणि वायर

इथलं निदान दोन व्होल्टेजच्या फरकावरून होतं. चार्जिंग सुरू नसताना सॉकेटवर किंवा वॉल बॉक्सवर किती व्होल्ट आहेत ते पाहा आणि पूर्ण करंटवर किती उरतात ते पाहा. पुष्कळ गाड्या हा आकडा स्क्रीनवर किंवा ॲपमध्ये दाखवतात. त्याच वेळी डीबीतले व्होल्ट किती उतरतात, ते वायरमनकडून मोजून घ्या. डीबीत होणारी घट बाहेरून येणाऱ्या लाइनची. ती वजा केली की उरते ती तुमच्या वायरिंगची.

आता हा फरक किती असायला हवा? तांब्याच्या वायरचा रोध काढायचं सोपं सूत्र: ०.०१७५ गुणिले जाण्या-येण्याची एकूण लांबी मीटरमध्ये, भागिले जाडी चौरस मिलिमीटरमध्ये. २.५ चौ. मिमी वायर २० मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे ०.२८ ओहम. १६ अँपिअरला साडेचार व्होल्ट घट. ही ७२ वॅट उष्णता ४० मीटरभर पसरलेली असते, मीटरमागे दोन वॅटसुद्धा नाही. काळजीचं कारण नाही.

पण हिशोबाने साडेचार यायला हवे आणि प्रत्यक्षात बारा आले, तर उरलेले साडेसात व्होल्ट कुठल्यातरी सांध्यात जळत आहेत. साडेसात गुणिले सोळा, १२० वॅट. ही उष्णता एक-दोन स्क्रूंपाशी गोळा होते. असं गणित आलं तर सांधा सापडेपर्यंत त्या लाइनवर गाडी लावू नका.

सांधे शोधण्याची जागा: एमसीबीचे वरचे-खालचे स्क्रू, आरसीसीबीचे स्क्रू, न्यूट्रल लिंक (न्यूट्रल वायरी एकत्र जोडणारी पट्टी), आणि मध्ये कुठे जोड दिला असेल तर तो. डीबी उघडण्याआधी मेन स्विच बंद. टर्मिनलचा टॉर्क उत्पादकाने खटक्यावर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, तोच वापरायचा. जास्त आवळल्यानेही तारा चिरडतात आणि पुढे सैल होतात. तांब्याची वायर ॲल्युमिनियमच्या वायरला थेट पिळून जोडलेली दिसली तर दोषी सापडलाच म्हणा. ॲल्युमिनियमवर लगेच ऑक्साइड धरतो आणि दाबाखाली तो धातू हळूहळू सरकतो. तिथे द्विधातूचा लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) किंवा त्यासाठीच बनवलेला जोड लागतो.

कधीकधी सांधे सगळे ठाकठीक असतात आणि तरीही एमसीबी दोन तासांनी पडतो. घरगुती एमसीबीचं रेटिंग ३० अंश तापमान धरून ठरवलेलं असतं. बंद डब्यात ५० अंश झाले की ३२ चा एमसीबी २८-२९ अँपिअरचा असल्यासारखा वागू शकतो. शेजारी दुसरे भरलेले एमसीबी चिकटून असले तर आणखी वाईट. उपाय क्रमाने: गाडीच्या एमसीबीच्या दोन्ही बाजूंना रिकामी जागा सोडा, डबा उन्हातून हलवा, करंट २८ वर आणा.

‘३२ चा पडतोय ना, मग ४० चा टाकू’ हा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. एमसीबी वायरच्या संरक्षणासाठी असतो. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला तर आता खटका शाबूत राहतो आणि भिंतीतली वायर तापते. ४० चा टाकायचा तर वायरही तशीच हवी. गरम हवेत आणि पाइपातून नेलेल्या वायरसाठी १० चौ. मिमी तांबं धरून चाला. ३२ अँपिअरच्या वॉल बॉक्सला ६ चौ. मिमी सहसा पुरतं, पण छतावरून, उन्हातून किंवा इतर भरलेल्या वायरींसोबत एकाच पाइपातून नेली असेल तर ती कमी पडते.

६. वॉल बॉक्स

बॉक्समध्ये बहुधा स्वतःचा तापमानाचा सेन्सर असतो आणि तापल्यावर तो ३२ वरून १६ वर, तिथून आणखी खाली येतो. मॅन्युअलमध्ये कमाल हवेचं तापमान दिलेलं असतं, बहुधा ४० ते ५० अंशांच्या दरम्यान. गडद रंगाचा बंद डबा दुपारच्या उन्हात असेल तर आतलं तापमान हवेपेक्षा सहज वीस अंशांनी जास्त होतं.

वर छोटं छप्पर घाला, पण बॉक्सला चिकटून नको. बाजूंनी आणि वरून वीतभर जागा मोकळी ठेवा. पावसापासून वाचवायला म्हणून वॉल बॉक्स दुसऱ्या घट्ट बंद पेटीत ठेवणारे पुष्कळ. ती पेटी म्हणजे भट्टी. बॉक्सचं स्वतःचं संरक्षण बाहेर बसवण्याजोगं असेल तर पेटीची गरजच नाही.

सावली करूनही आकडा उतरत असेल तर बॉक्सच्या आतले टर्मिनल तपासायला सांगा. बसवताना एकदा आवळलेले स्क्रू काही महिन्यांच्या तापण्या-गार होण्यानंतर पुन्हा एकदा तपासावे लागतात, आणि ते सहसा कुणी करत नाही.

७. गन आणि गाडीचा पोर्ट

टाईप २ (एसी चार्जिंगची) आणि सीसीएस (डीसी फास्ट चार्जिंगची) प्रकारच्या गन दहा हजार वेळा लावण्या-काढण्याच्या हिशोबाने बनवलेल्या असतात. घरच्या गनला तिथवर पोहोचायला अनेक वर्षं लागतात. सार्वजनिक स्टेशनवरची गन मात्र आपटली जाते, जमिनीवर पडते, धूळ खाते.

एसी असो वा डीसी, तपासणी एकच: टॉर्च लावून पोर्टच्या आत आणि गनच्या तोंडात पाहा. पिनांचा रंग एकसारखा चंदेरी हवा. एखादी पिन निळसर, काळी किंवा खड्डे पडलेली असेल, किंवा भोवतीचं प्लास्टिक पिवळं पडलं असेल, तर पिन तापली आहे. खराब गन चांगल्या पोर्टला खराब करते आणि खराब पोर्ट पुढच्या गनला. म्हणून एकच भाग बदलून उपयोग नसतो, दोन्ही बाजू तपासाव्या लागतात.

साफसफाई वीज बंद असताना, सुक्या हवेने आणि इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरने. पूर्ण वाळल्यावरच गन लावा. पॉलिश पेपर लावू नका. पिनांवर चांदीचा पातळ मुलामा असतो. तो घासून काढला की खालचं तांबं लवकर काळं पडतं. तेल, ग्रीस, गंज सोडवायचे स्प्रे यांनाही तिथे काम नाही, त्यांच्यावर धूळ चिकटते.

गन लावल्यावर केबलचं वजन पोर्टवर येऊ देऊ नका. जाड डीसी केबल तिरपी ओढली जात असेल तर गाडी थोडी पुढे घ्या. २०० अँपिअरला पिनेचा रोध एक हजारांश ओहम जरी झाला तरी तिथे ४० वॅट उष्णता तयार होते. सीसीएसच्या कॉन्टॅक्टला तापमानाची कमाल मर्यादा ९० अंश आहे आणि चार्जर त्याआधीच करंट उतरवू लागतो.

गनवर ओलं फडकं गुंडाळण्याची युक्ती फिरत असते, आणि तिने वेग वाढलेला दिसतोही. त्या फडक्याने सेन्सरच्या आसपासचं प्लास्टिक गार होतं, पिन तेवढी गार होत नाही. म्हणजे तुम्ही फक्त पहारेकऱ्याला झोपवलेलं असतं, शिवाय उच्च दाबाच्या जोडणीजवळ पाणी नेलेलं असतं.

डीसी स्टेशनवर वेग पडला तर आधी त्याच स्टेशनची दुसरी गन लावून पाहा. वेग परत आला तर पहिली गन किंवा तिचं कूलिंग खराब. नाही आला तर दुसऱ्या स्टेशनवर पाहा. तिथेही तसंच झालं, तर कारण तुमच्या गाडीत आहे. चार्जरच्या जाळीतून पंख्यांचा आवाज येतो का आणि जाळी धुळीने बुजली आहे का, तेही पाहून ठेवा.

८. ऑनबोर्ड चार्जर आणि कूलंट

एसी वीज गाडीत डीसी होते ती या डब्यात. ७.४ किलोवॅटवर चालताना त्याची कार्यक्षमता ९२-९४ टक्के धरली तरी साडेचारशे ते सहाशे वॅट उष्णता तिथे तयार होते. बहुतेक गाड्यांत ती कूलंटने वाहून नेली जाते. पंप बंद असेल तर काही मिनिटांत तापमान चढतं आणि वेग निम्म्यावर येतो.

घरी करता येण्याजोगं एवढंच:

- कूलंटच्या टाकीतली पातळी गाडी गार असताना पाहा. गरम असताना झाकण उघडायचं नाही. पातळी किमान रेषेखाली असेल तर गळती शोधायला हवी, नुसतं भरून भागणार नाही.
- मॅन्युअलमध्ये सांगितलेलाच कूलंट. काही गाड्यांना कमी वीजवाहकतेचा खास कूलंट लागतो. त्यात पाणी किंवा दुसरा कूलंट मिसळला तर बिघाड महागात जातो.
- चार्जिंग चालू असताना बॉनेटजवळ कान द्या. पंपाची बारीक गुणगुण आणि मधूनमधून पंख्याचा आवाज यायला हवा.
- पुढच्या रेडिएटरच्या जाळीत चिखल, पानं, किडे. हलक्या पाण्याने धुवा, प्रेशर वॉशर जवळून मारला तर पातळ पट्ट्या वाकतात.
- एसीची हवा पूर्वीसारखी गार नाही? पुष्कळ गाड्यांत केबिन आणि बॅटरी एकाच एसीच्या गॅसवर गार होतात. गॅस कमी झाला की दोन्हीकडे परिणाम दिसतो, आणि लोक एसीची तक्रार वेगळी, चार्जिंगची वेगळी घेऊन जातात.

९. बॅटरीच गरम असेल तर

बॅटरीचा आतला रोध उदाहरणादाखल ०.१ ओहम धरा आणि १५० अँपिअरने चार्ज करा. सव्वादोन किलोवॅट उष्णता बॅटरीच्या पोटात तयार होते. चारशे किलोची बॅटरी, कूलिंग नसेल तर, अर्ध्या तासात अंदाजे दहा अंशांनी तापते. ३० वरून सुरुवात झाली तर ४० वर थांबेल, काही बिघडत नाही. हायवेवर जोरात चालवून ४२ अंशांवर स्टेशनला पोहोचलात, तर पहिल्या काही मिनिटांतच गाडी वेग उतरवू लागेल. लिथियम-आयन सेलच्या बाबतीत साधारण ४५ अंशांपासून हात आखडता घेतला जातो.

द्रवाचं कूलिंग असलेल्या गाडीत नेव्हिगेशनमध्ये चार्जिंग स्टेशनच ठिकाण म्हणून टाका. पुष्कळ गाड्या मग वाटेतच बॅटरी योग्य तापमानाला आणू लागतात. शेवटचे वीस-पंचवीस किलोमीटर वेग आवरता घ्या. सावलीतली जागा निवडा. थांबण्याच्या काळात केबिनचा एसी पूर्ण जोरात ठेवला तर काही गाड्यांत बॅटरीच्या वाट्याचं कूलिंग घटतं, हे ध्यानात ठेवा.

द्रवाचं कूलिंग नसलेल्या गाडीत हे सगळं जास्त जपावं लागतं. निसान लीफच्या पहिल्या दोन पिढ्या हे त्याचं माहितीतलं उदाहरण. एका दिवसात दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा फास्ट चार्ज करायला गेलं की वेग घसरतो, कारण एवढं वजन स्वतःहून गार व्हायला काही तास घेतं. अशा गाडीत लांबच्या प्रवासाचं वेळापत्रक पहिल्या थांब्याच्या वेगावरून आखू नका.

१०. सेन्सरच चुकीचं सांगत असेल तर

गाडी रात्रभर न चालवता, चार्ज न करता उभी ठेवा. सकाळी ओबीडी ॲपवर सगळी तापमानं वाचा. बॅटरी, पोर्ट, ऑनबोर्ड चार्जर, सगळे आकडे एकमेकांच्या दोन-तीन अंशांच्या आत यायला हवेत. बॅटरी जड असल्यामुळे थोडी मागे राहील, तेवढं सोडून द्या. रात्रभर गार झालेल्या गाडीत एखादा सेन्सर ६५ अंश दाखवत असेल, तर पोर्ट तापलेला नाही, सेन्सर किंवा त्याची वायर गेली आहे.

पोर्टमध्ये पीटी १००० प्रकारचा सेन्सर असेल तर तंत्रज्ञ तो थेट मोजू शकतो: शून्य अंशाला १००० ओहम, २५ ला १०९७, ५० ला ११९४, १०० ला १३८५. कनेक्टरमध्ये गंज धरला की काही दहा ओहमांची भर पडते आणि गाडीला पोर्ट दहा-वीस अंश जास्त गरम वाटतो. हे काम उच्च दाबाच्या भागाजवळचं आहे. नारिंगी केबल दिसली की तिथून मागे फिरा.

११. सर्व्हिस सेंटरला काय न्यायचं

‘चार्जिंग नीट होत नाही’ एवढंच जॉबकार्डवर लिहिलं गेलं तर गाडी त्यांच्या गार शेडमध्ये अर्धा तास चार्ज होते आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत येते. त्याऐवजी हे द्या:

- वहीतल्या नोंदी, किमान पाच, हवेच्या तापमानासह.
- पायरी ३ चा निकाल: किती अँपिअरवर किती मिनिटं चाललं.
- दुसऱ्या चार्जरवर किंवा दुसऱ्या गाडीने केलेल्या चाचणीचा निकाल. तुमच्या चार्जरवर दुसरी गाडीही मंदावत असेल तर सर्व्हिस सेंटरची फेरीच वाचते.
- चार्जिंग मंदावलेलं असतानाचे ओबीडी ॲपचे स्क्रीनशॉट, सकाळच्या गार गाडीचेही.
- पिनांचे, प्लगचे आणि डीबीचे फोटो, सफाई करण्याआधी काढलेले.

जॉबकार्डवर सही करण्याआधी ‘सलग दोन तास पूर्ण करंटवर चार्जिंग करून पाहावं’ ही ओळ लिहून घ्या, आणि गाडी परत घेताना त्या दोन तासांचा लॉग मागा.